घरच्या बिअरचा गढूळपणा: नेमका कोणत्या टप्प्यावर काढायचा?

सातूवाला
२० लिटर पेल एल. साडेचार किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेले सातू), ३०० ग्रॅम हलकं क्रिस्टल माल्ट. मॅश (दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६६ अंशांना ६० मिनिटं, उकळी ६० मिनिटं, उकळीत फायनिंग (बिअर निवळवणारा पदार्थ) काही नाही. यीस्ट यूएस-०५, १९ अंशांना १४ दिवस, मग बाटल्या. तीन आठवड्यांनी चव, वास, फेस सगळं जागच्या जागी. पण फ्रिजमधून काढून ग्लासात ओतली की धुकं उतरल्यासारखी दिसते, आणि ग्लास टेबलावर राहिला की हळूहळू निवळत जाते.

जिलेटिन, आयरिश मॉस, कोल्ड क्रॅश (आंबलेली बिअर शून्याजवळ गार करणं), नुसतं थांबणं, असे चार सल्ले वाचायला मिळतात आणि प्रत्येक जण आपलाच उपाय खरा म्हणतो. पुढच्या खेपेला यातलं काय, किती आणि केव्हा करायचं? आणि भरून ठेवलेल्या बाटल्यांचं काही करता येतं का?

मापात
गार असताना गढूळ आणि गरम झाल्यावर नितळ, म्हणजे चिल हेझ. निदान तुमच्या प्रश्नातच आहे.

रसायनी
मापात यांच्याशी सहमत. पण हा धागा इतरही वाचतील, म्हणून निदान जरा सविस्तर लिहिते. गढूळपणा एकाच जातीचा नसतो, आणि एका जातीवरचं औषध दुसरीवर चालत नाही. चार सल्ल्यांचं भांडण होतं ते यामुळेच.

पहिली परीक्षा तापमानाची. ग्लास २० अंशांपर्यंत येऊ द्या. निवळली तर चिल हेझ. माल्टमधली प्रोलीन जास्त असलेली प्रथिनं आणि साल व हॉप्समधली (कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांमधली) पॉलिफेनॉल्स गारठ्यात एकमेकांना धरतात, उबेत सुटतात. हे बंध फार सैल असतात. मात्र तीच बिअर पुन्हा पुन्हा गार-गरम होत राहिली किंवा तिला हवा लागली तर बंध पक्के होतात आणि धुकं कायमचं बसतं.

२० अंशांनाही गढूळ असेल तर बाटली चार-पाच दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा. वरचा भाग स्वच्छ झाला आणि तळाशी पिठूळ साका बसला, तर ते यीस्ट होतं. काहीच बदल नसेल तर स्टार्चचा संशय घ्या. पांढऱ्या बशीत चमचाभर बिअर आणि आयोडीनच्या टिंक्चरचा एक थेंब. निळा-काळा रंग आला तर मॅशमध्ये स्टार्चची साखर पूर्ण झालेली नाही. फळ घातलेली बिअर असेल तर पेक्टिनचा संशय: एक भाग बिअरमध्ये तीन-चार भाग तीव्र अल्कोहोल घाला, जेलीसारखे धागे किंवा गुठळ्या दिसल्या तर पेक्टिन. (दोन्ही नमुने फेकून द्यायचे, प्यायचे नाहीत.)

आणि बिअर आधी नितळ होती, महिन्याभरानं आपोआप गढूळ झाली, आंबूस लागते, बाटली उघडताच उसळते, तर तो संसर्ग. तिथे फायनिंगचा विचार सोडा. उसळणाऱ्या बाटल्या गार करून सावकाश उघडा आणि ओतून टाका, त्या फुटू शकतात.

साका
यूएस-०५ आहे ना? मग थांबा. यीस्ट स्वतःहून बसतं. बाटल्या फ्रिजमध्ये तीन आठवडे उभ्या ठेवा, कसलीही पूड लागणार नाही.

रसायनी
@साका, यीस्टसाठी हे बरोबर आहे, पण चिल हेझही बसेल का, हा प्रश्न कणाच्या आकाराचा आहे. कण बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो. यीस्टची पेशी ५ ते १० मायक्रॉनची. चिल हेझचे कण बहुतेक १ मायक्रॉनच्या आत. दहापट लहान कण शंभरपट हळू खाली जातो. यीस्ट दोन दिवसांत तळ गाठेल तिथे या कणांना महिने लागतात. गारठ्यात ते एकमेकांना चिकटून मोठे होतात म्हणून थोडं काम होतं, आणि तेही शून्याच्या आसपास. ८ अंशांच्या फ्रिजमध्ये ते नीट तयारच होत नाहीत, मग बसणार काय?

साका
पटलं. ३ अंशांच्या आत, असं धरून चाला. तीन आठवड्यांत फरक पडतो हे माझं म्हणणं कायम आहे, फक्त पूर्ण नितळ होण्याची हमी नाही.

मोठीआंच
सगळे बाटलीकडे बघताहेत. या रेसिपीत खरी चूक एकच आहे: उकळीत काही घातलं नाही.

व्हर्लफ्लॉकची एक गोळी २० लिटरला, उकळीची शेवटची १० मिनिटं राहिली की. साधं आयरिश मॉस असेल तर ३ ते ५ ग्रॅम, आधी १५ मिनिटं थोड्या पाण्यात भिजवून, शेवटच्या १५ मिनिटांत. दोन्हींत काम करतं ते कॅरागीनन, लाल समुद्री शेवाळातलं. त्याचा भार ऋण, वर्टमधल्या (मॅशमधून निघालेल्या गोड द्रवातल्या) प्रथिनांचा धन, म्हणून दोघांचे पुंजके होतात. तासभर उकळलं तर त्याच्या साखळ्या तुटतात आणि घातलं न घातलं सारखंच. वर्टचा पीएच ५ च्या बराच खाली असेल तरीही ते मंद पडतं.

जास्त घालू नका. दोन गोळ्यांनी दुप्पट स्वच्छता येत नाही. गाळ कापसासारखा फुगतो, नीट दबत नाही, आणि दोन-तीन लिटर वर्ट त्यात अडकून वाया जातं.

उकळी खरी उकळी हवी, झाकण अर्धवट उघडं, वर्ट उलटंपालटं होताना दिसलं पाहिजे. पहिल्या काही मिनिटांत अंड्याच्या पांढऱ्यासारखे तुकडे तरंगू लागतात, तो हॉट ब्रेक. तो न दिसणं म्हणजे आंच कमी. त्यानंतर कॉइलनं (आतून गार पाणी वाहणाऱ्या नळीनं) २० ते ३० मिनिटांत २० अंशांपर्यंत आणा. असं झपाट्यानं गार केलं की कोल्ड ब्रेक पडतो आणि चिल हेझ करणारी प्रथिनं तिथेच मोठ्या प्रमाणात गळतात. रात्रभर ठेवून आपोआप गार झालेल्या वर्टमध्ये हा ब्रेक नीट पडत नाही.

हॉप्सकट्टा
"गळतात" ठीक, पण तो गाळ फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या भांड्यात) गेला तर सगळं वाया, असा समज पसरलेला आहे, तो कृपया नको. थोडा गाळ गेला तरी बिअर नितळ होते. शेवटचे दोन लिटर भांड्यातच ठेवले की पुरे. तासन् तास वर्ट गाळत बसणाऱ्याला हवेतल्या जंतूंची भीती जास्त.

मोठीआंच
गाळत बसा असं म्हटलेलंच नाही. गोल ढवळून १५ मिनिटं स्थिर ठेवा, मधोमध ढीग जमतो, कडेनं काढून घ्या.

जलपरीक्षक
पाण्याबद्दल कुणीच बोललं नाही. कॅल्शियम किमान ५० मिलिग्रॅम प्रति लिटर असू द्या. यीस्टच्या पेशी एकमेकींना धरतात त्या भिंतीवरच्या प्रथिनांनी, आणि त्या पकडीला कॅल्शियम लागतं. माल्टमधलं ऑक्झलेटही कॅल्शियमनंच मॅशमध्ये खाली बसतं, नाहीतर ते पुढे बिअरमध्ये धुकं धरतं आणि बाटलीत उसळी आणतं. आरओचं पाणी असेल तर त्यात कॅल्शियम जवळपास नसतंच. २० लिटरला १ ग्रॅम जिप्सम घातलं की सुमारे १२ मिलिग्रॅम प्रति लिटर वाढतं, कॅल्शियम क्लोराइडच्या (डायहायड्रेट) १ ग्रॅमनं सुमारे १४. म्हणजे साधारण ४ ग्रॅम एकूण.

मॅशचा पीएच ५.२ ते ५.६. दाणे धुताना पाणी ७७ अंशांच्या वर नको, आणि निघणाऱ्या वर्टची घनता १.०१० च्या खाली गेली की थांबा. तिथून पुढे येतं ते साखरेपेक्षा सालीतलं पॉलिफेनॉल जास्त. चिल हेझचा अर्धा जोडीदार इथूनच येतो. पहिला निघणारा वर्ट गढूळ असतो, तो तीन-चार लिटर परत दाण्यांवर हळू ओता आणि स्वच्छ धार आली की मगच भांड्यात घ्या.

सातूवाला
पाणी आरओचंच होतं, काही मिसळलं नव्हतं. आयोडीनची परीक्षाही केली नव्हती. आता जिलेटिनचं सांगा. ते उकळीत घालायचं की नंतर?

नितळ
नंतर, आणि बिअर गार झाल्यावरच. उकळीत घातलेलं जिलेटिन फुकट जातं.

आंबणं पूर्ण झाल्याची खात्री करा, तीन दिवस हायड्रोमीटर एकच आकडा दाखवतो का ते बघा. यीस्टला १९-२० अंशांवर आणखी दोन दिवस द्या, म्हणजे लोण्यासारखा वास देणारं डायअसिटिल ते स्वतःच साफ करतं. घाईनं गार केलं तर तो वास बिअरमध्येच राहतो आणि मग कोणतंही फायनिंग तो काढत नाही.

मग फर्मेंटर ० ते ३ अंशांवर २४ तास. जिलेटिन बिनचवीचं, बिनसाखरेचं, ३ ते ४ ग्रॅम. १०० मिली गार पाण्यावर भुरभुरवा, १५ मिनिटं फुगू द्या. मग ६५ ते ७० अंशांपर्यंत ढवळत गरम करा, द्रव पारदर्शक होईपर्यंत. उकळू द्यायचं नाही, उकळीत त्याचे लांब रेणू तुटतात आणि पकड कमी होते. कोमट झाल्यावर बिअरभर पसरेल असं ओता, झाकण लावा, पुन्हा गारठ्यात ठेवा. २४ ते ४८ तासांत फरक दिसतो. तिसऱ्या दिवशी भरा.

जिलेटिन गरम बिअरमध्ये घातलं तर यीस्ट काही अंशी बसतं, पण चिल हेझ तसंच राहतं. कारण साधं: धुकंच तयार झालेलं नाही, तर पकडायचं काय! "जिलेटिन लागू पडलं नाही" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

हॉप्सकट्टा
ड्राय हॉप केलेल्या (वासासाठी उकळीनंतर हॉप्स टाकलेल्या) बिअरमध्ये झाकण उघडून जिलेटिन ओतायला माझा विरोध आहे. त्या क्षणी आत गेलेला ऑक्सिजन महिन्याभरात हॉप्सचा वास मारतो आणि रंग तपकिरीकडे नेतो. नितळपणासाठी वास घालवणं हा तोट्याचा सौदा आहे. केग (दाब सहन करणारं धातूचं पिंप) असेल तर केग कार्बन डायऑक्साइडनं भरून जिलेटिन त्यात आधी घाला आणि गार बिअर बंद नळीनं वर सोडा.

दुसरं, कोल्ड क्रॅशमध्ये एअरलॉकमधलं (वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतलं) पाणी आत ओढलं जातं. २० वरून २ अंशांवर येताना वरचा वायू सुमारे ६ टक्के आकसतो. शिवाय गार बिअर कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, आणि ती ओढ या ६ टक्क्यांपेक्षा बरीच मोठी असते. आंबताना निघणारा वायू एका पिशवीत किंवा फुग्यात साठवा आणि क्रॅशच्या वेळी तोच परत आत जाऊ द्या. फर्मेंटर पूर्ण बंद करून क्रॅश करू नका. प्लास्टिकचा पिंप आत चेपतो, आणि काचेचा निर्वात ओढीसाठी बनवलेला नसतो.

नितळ
ड्राय हॉप्सबद्दल मान्य. साध्या पेल एलला, पटकन उघडून पटकन बंद केलं तर मी जिलेटिनच सुचवेन.

धुकेप्रिय
मूळ प्रश्नाला फाटा देतोय, पण विचारतो: गव्हाची बिअर आणि धुकेदार आयपीए यांना यातलं काहीच करायचं नाही ना?

मोठीआंच
नाही. उकळीतली गोळीही टाळा. फक्त एवढं बघा की धुकं प्रथिनांचं आहे, स्टार्चचं किंवा तरंगत्या यीस्टचं नाही. यीस्टचं असेल तर चव पावासारखी आणि घशाला खरखरीत लागते.

हिरवीफांदी
जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांचं, आयसिंग्लास माशांच्या वाताशयाचं. शाकाहारी काही आहे का? गिनेसनंही २०१५ मध्ये आयसिंग्लास बंद करणार असं जाहीर केलं होतं.

रसायनी
आहे, आणि दुय्यम दर्जाचं मुळीच नाही. कॅरागीनन शेवाळाचं आहे, ते तर चालेलच. गार बिअरसाठी सिलिका सोल, म्हणजे किसेलसोल किंवा बायोफाइन क्लिअर. डोस पॅकवरचाच घ्या, प्रत्येकाची तीव्रता वेगळी असते. किसेलसोल-कायटोसान अशी जोडीही मिळते. आधी किसेलसोल, हळुवार ढवळा, तासभर थांबा, मग कायटोसान. एक ऋण, एक धन. पण बरंच कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचांचं असतं. बुरशीपासून केलेलंही मिळतं, लेबल वाचा.

पीव्हीपीपी हा वेगळाच मार्ग. ते प्रथिनांना सोडून पॉलिफेनॉल पकडतं, म्हणजे जोडीतला दुसरा गडी उचलतं. २० लिटरला ५ ते १० ग्रॅम, तासभर पाण्यात भिजवून, गार बिअरमध्ये ढवळून. एक-दोन दिवसांत बसतं. ते प्लास्टिकच आहे, विरघळत नाही, म्हणून साक्यावरून बिअर काळजीपूर्वक काढायची. बाटलीत जाऊ द्यायचं नाही.

आणखी एक: क्लॅरिटी फर्म. हे एन्झाइम यीस्टसोबतच घालतात आणि ते प्रथिनाची साखळी नेमकी प्रोलीनच्या जागी तोडतं. धुकं धरणारी प्रथिनं प्रोलीननं भरलेली, फेस धरणारी तशी नाहीत, म्हणून फेसाला धक्का लागत नाही. ग्लूटेनही कमी होतं, पण सीलिॲक असलेल्यांना ही बिअर सुरक्षित समजून देऊ नका.

साका
आयसिंग्लास कुणी वापरणार असेल तर: ते कोलॅजन आहे, २० अंशांच्या वर बिघडू लागतं. डबी फ्रिजमध्येच ठेवा. जिलेटिनसारखं गरम केलं तर त्याचं जिलेटिनच होतं.

सातूवाला
पाणी निवळायला तुरटी चालते. बिअरला का नाही?

जलपरीक्षक
तुरटीचं काम होतं ते ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या पुंजक्यांनी, आणि ते साधारण ६ ते ७.५ पीएचला बनतात. बिअरचा पीएच ४.२ च्या आसपास. तिथे पुंजके बनत नाहीत, ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहतं आणि तुरट चव तेवढी उरते. घालू नका.

मापात
आणि बेंटोनाइट? वाइनवाले सर्रास वापरतात.

रसायनी
बेंटोनाइट प्रथिनं निवडून काढत नाही, सरसकट काढतं. वाइनला फेस नको असतो, बिअरला हवा असतो.

धुकेप्रिय
कॉफीच्या फिल्टरमधून गाळली तर?

हॉप्सकट्टा
नको. पाच मिनिटांत चोंदतो, आणि थेंब थेंब पडणारी बिअर पूर्ण हवा पिऊन खाली येते. खरं गाळायचं तर दोन केग, मध्ये काडतूस-फिल्टर आणि कार्बन डायऑक्साइडचा हलका दाब. ५ मायक्रॉननं यीस्टही धड अडत नाही, १ मायक्रॉननं बहुतेक यीस्ट अडतं. चिल हेझसाठी बिअर शून्याजवळ असतानाच गाळायची. बाटलीत साखर घालून फेस आणायचा असेल तर हा रस्ताच बंद, यीस्ट उरत नाही.

बाटलीबंद
यावरून आठवलं, जिलेटिननंतर बाटलीत वायू धरेल का, हा प्रश्न नेहमी येतो. धरतो. डोळ्याला नितळ दिसणाऱ्या बिअरमध्येही मिलिलिटरमागे लाखभर पेशी सहज असतात. २० अंशांना दोनऐवजी तीन आठवडे द्या, एवढंच.

खरी चूक साखर मोजताना होते. गणकयंत्र बिअरचं तापमान विचारतं आणि लोक क्रॅशनंतरचे २ अंश भरतात. तिथे आंबणं संपताना असलेलं सर्वांत जास्त तापमान भरायचं, कारण वायू त्या वेळीच निघून गेलेला असतो. २० लिटरला २.४ आयतन (म्हणजे बिअरच्या २.४ पट कार्बन डायऑक्साइड) हवं असेल तर २० अंश धरून साधारण १२० ग्रॅम साखर येते, २ अंश धरलं तर जेमतेम ६०. बिअर मिळमिळीत होते आणि दोष जिलेटिनला दिला जातो.

सातूवाला
हे कुठेच वाचलं नव्हतं. धन्यवाद.

मग पुढची खेप अशी: ४ ग्रॅम जिप्सम, आयोडीनची परीक्षा, १० मिनिटं राहता गोळी, झटपट गार, आंबून झाल्यावर दोन दिवस थांबून क्रॅश आणि ३ ग्रॅम जिलेटिन. बरोबर?

मोठीआंच
बरोबर, पण सगळं एकदम करू नका असं सुचवेन. आधी पाणी, गोळी आणि झटपट गार करणं. क्रॅशनंतर सायफननं अर्धा ग्लास काढून २ अंशांना बघा. नितळ असेल तर जिलेटिनची गरजच नाही, आणि झाकण उघडणंही वाचलं.

नितळ
+१. जिलेटिन हाताशी ठेवा, घालायचं की नाही ते ग्लास ठरवेल. फक्त ग्लासावर बाहेरून जमलेलं दव पुसून बघा, त्यालाच धुकं समजण्याची चूक सहज होते.

सातूवाला
आणि हातातल्या बाटल्या?

बाटलीबंद
त्या उघडून काही घालू नका. उभ्या, शक्य तितक्या गार, दोन ते तीन आठवडे, आणि मध्ये बाहेर काढून पुन्हा आत ठेवणं टाळा. ओतताना एकाच संथ धारेत, बाटली मध्ये सरळ न करता. सरळ केली की साका उसळतो. शेवटचं सेंटीमीटरभर तळाला राहू द्या. तरीही धुकं राहिलं तर ८-१० अंशांना प्या. पेल एलला तसंही तेच तापमान शोभतं, आणि त्या तापमानाला हे धुकं बरंच विरळ असतं.

जलपरीक्षक
आयोडीनसाठी मॅशचा नमुना घेताना साल येऊ देऊ नका. सालीचा तुकडा नेहमीच काळा पडतो आणि मॅश पूर्ण होऊनही अर्धा तास उगाच थांबावं लागतं. फक्त वरचं पाणी, बशीत पसरून, गार झाल्यावर एक थेंब. रंग टिंक्चरचाच पिवळट-तपकिरी राहिला की पुढे जा.

मोठीआंच
आणि व्हर्लफ्लॉकची गोळी पडली की वर्ट क्षणभर फसफसून वर येतं. भांडं काठोकाठ असेल तर आंच आधी कमी करा.